सेप्टिक टाकी बदलायचे पैसे कोणी द्यायचे? लाँग आयलंडची पन्नास वर्षं

२०१९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीमध्ये काही कुटुंबांच्या हातात कराचा एक फॉर्म पडला. या कुटुंबांनी आपल्या अंगणातला जुना मैल्याचा खड्डा उपसून नवी, नायट्रोजन कमी करणारी यंत्रणा बसवली होती. काउंटीने त्यासाठी अनुदान दिलं होतं. ते पैसे घरमालकाच्या खात्यात आलेच नव्हते, थेट कंत्राटदाराला गेले होते. पण फॉर्म सांगत होता की हे तुमचं उत्पन्न आहे, यावर कर भरा.

बातमी म्हणून ही किरकोळ गोष्ट. पण पर्यावरणाच्या धोरणांवर संशोधन करायचं मनात असेल, तर इथे थांबायला हवं. कारण या फॉर्मने एक प्रश्न उघडा पाडला, जो अमेरिकेत निदान पन्नास वर्षं कोणी सरळ विचारला नव्हता: खाडीकाठच्या माणसाला टाकी बदलायला पैसे देतो, तेव्हा मदत नक्की कोणाला होते? घराला की पाण्याला? घराला असेल तर ते उत्पन्नच. पाण्याला असेल तर घरमालक फक्त जागा देणारा.

या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधायच्या आधी थोडी जमीन आणि थोडं रसायनशास्त्र बघू. विज्ञानाकडून इतिहासाकडे वळलेल्यांना माझा हा आग्रह नेहमीच असतो की आधी पदार्थ कुठून कुठे जातो ते बघा, मग पैसा कुठून कुठे जातो ते बघा. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की खरा इतिहास दिसायला लागतो.

लाँग आयलंड हे न्यूयॉर्क शहराला लागून पूर्वेकडे पसरलेलं लांबुळकं बेट. त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे सफोक काउंटी. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण स्वतःचं निवडून आलेलं विधिमंडळ आणि कर लावायचा अधिकार असलेला.) लोकसंख्या सुमारे १५ लाख. बेटाची जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि खडी. पाऊस पडला की झरझर खाली मुरतो. इथलं पिण्याचं पाणी या जमिनीखालूनच येतं. १९७८ साली केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या भूजलाला 'पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत' असा अधिकृत दर्जा दिला. तेच भूजल पुढे सरकत सरकत किनाऱ्यावरच्या उथळ खाड्यांमध्ये उतरतं.

आणि याच वाळूत सुमारे ३ लाख ६० हजार घरांचं सांडपाणी जिरतं. काउंटीतल्या जवळपास तीन-चतुर्थांश घरांना गटाराची नळवाहिनी नाही. त्यातल्या अडीच लाख घरांकडे तर सेप्टिक टाकीसुद्धा नाही, आहे तो सेसपूल. हा शब्द आपल्याला नवा वाटेल, वस्तू नवी नाही. काँक्रीटची छिद्रं असलेली कडी एकावर एक रचून केलेला, तळ नसलेला खड्डा. आपल्याकडचा शोषखड्डा, फक्त त्यात सगळंच जातं.

आता रसायन. मैला-मूत्रातला नायट्रोजन टाकीत अमोनियमच्या रूपात येतो. टाकीतून बाहेर वाळूत पडला की हवा मिळते, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि मातीच्या कणांना फारसं चिकटत नाही. त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू व्हायचा असेल तर दोन गोष्टी लागतात: ऑक्सिजन नसलेली जागा आणि जिवाणूंना खायला कार्बन. लाँग आयलंडच्या स्वच्छ, हवेशीर वाळूत दोन्हींची वानवा. म्हणजे जी जमीन पाणी जिरवायला उत्तम, तीच नायट्रेट थोपवायला निकामी. सफोकच्या हिशोबात साध्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. नवी यंत्रणा काय करते? एका कप्प्यात पंपाने हवा देऊन नायट्रेट करते, मग तेच पाणी फिरवून बिनहवेच्या कप्प्यात आणते, जिथे मैल्यातलाच कार्बन वापरून जिवाणू त्याचा वायू करतात. सफोकने तिच्यासाठी मर्यादा ठरवली लिटरमागे १९ मिलिग्रॅम. म्हणजे नायट्रोजन शून्य होत नाही, दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त कमी होतो. आणि हो, तिला वीज लागते, देखभाल लागते. खड्ड्याला काहीच लागत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सगळं झालं कसं? १९५० साली सफोकची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती, १९७० साली सव्वाअकरा लाख. वीस वर्षांत चौपट. बटाट्याच्या शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घरामागे एक खड्डा खणला गेला. बिल्डरला तो स्वस्त, घर घेणाऱ्याला तो दिसत नाही. गटारं नंतर येतील असं गृहीत होतं. दरम्यान नळाच्या पाण्याला फेस यायला लागला, कारण कपडे धुण्याची पावडर खड्ड्यातून विहिरीत पोचत होती. १९७१ साली सफोकने डिटर्जंटच्या विक्रीवरच बंदी घातली. काउंटीने साबणाला हात घातला, खड्ड्याला नाही! १९७३ साली मात्र नवीन घरांना सेसपूलच्या आधी सेप्टिक टाकी सक्तीची झाली. यात एक पळवाट राहिली: जुन्या घराचा सेसपूल बिघडला तर त्या जागी पुन्हा सेसपूलच बसवता येत होता. ही पळवाट बुजायला ४६ वर्षं लागली. त्याबद्दल पुढे.

इथे वॉशिंग्टनकडे वळायला हवं, कारण मोठा पैसा तिथून आला. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आणि मुख्य नळवाहिन्या बांधायला केंद्राचं ७५ टक्के अनुदान देऊ केलं. या योजनेतून पुढच्या काळात ६० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. शहरांतल्या लोकांच्या शौचालयाचा बराचसा खर्च असा देशाने उचलला, आणि त्याला कोणी 'घरमालकांना मदत' म्हटलं नाही. त्याचं नाव होतं पायाभूत सुविधा.

अंगणातल्या टाकीला मात्र हे पैसे नव्हते. १९७७ च्या दुरुस्तीने दार किलकिलं केलं. त्यातलं कलम वाचण्यासारखं आहे. खाजगी मालकीच्या यंत्रणांनाही अनुदान मिळेल, पण अर्ज सार्वजनिक संस्थेने करायचा, यंत्रणा नीट चालवली जाईल याची खात्री तिने द्यायची, घर कायदा होण्याआधी बांधलेलं आणि राहतं असायला हवं, आणि ते 'मुख्य निवास' असायला हवं. सुट्टीतलं घर चालणार नाही. बघा, एका कलमात केवढी भीती भरली आहे! सरकारी पैशाने खाजगी मालमत्तेची किंमत वाढेल ही भीती, श्रीमंतांच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांना फुकट टाक्या मिळतील ही भीती, आणि पैसे घेऊन लोक देखभाल करणार नाहीत ही भीती. पुढच्या प्रत्येक योजनेत या तीन भीती कुठल्या ना कुठल्या अटीच्या रूपाने परत येतात. म्हणून माझा सल्ला असा की धोरणाचा इतिहास लिहिताना प्रस्तावना कमी वाचा, पात्रतेच्या अटी जास्त वाचा. प्रस्तावनेत सरकार स्वतःबद्दल बोलतं, अटींमध्ये लोकांबद्दल.

सफोकमध्ये मात्र तेव्हा गटारांचंच राजकारण पेटलं होतं. १९६९ साली मतदारांनी काउंटीच्या नैर्ऋत्य भागासाठी मोठ्या गटार योजनेला मंजुरी दिली. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, गैरव्यवहाराच्या चौकशा झाल्या, आणि बर्गन पॉइंटचं शुद्धीकरण केंद्र सुरू व्हायला १९८१ साल उजाडलं. या प्रकरणानंतर 'गटार' हा शब्द तिथल्या राजकारण्यांनी जवळजवळ एक पिढी टाळला. नळवाहिनीचा रस्ता बंद, अंगणातल्या टाकीला पैसा नाही. मग उरलं काय? जमिनीचा आकार.

१९८१ पासून सफोकच्या आरोग्य संहितेच्या सहाव्या प्रकरणाने घरांची दाटी मर्यादित केली. गटार नसेल तर भागानुसार २० हजार किंवा ४० हजार चौरस फुटांमागे एकच घर. तर्क सोपा होता: एका घराचा नायट्रोजन पुरेशा पावसाच्या पाण्यात मिसळला की विहिरीतलं नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली राहील. दहा मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची केंद्रीय मर्यादा, मुख्यतः तान्ह्या बाळांच्या रक्तावर होणाऱ्या परिणामामुळे ठरलेली. म्हणजे नियम माणसाच्या पेल्यासाठी केला होता. खाडीला तो कोणी लावून पाहिला नव्हता. पेकोनिक खाडीच्या पुढच्या अभ्यासांत निरोगी पाण्यासाठी जे लक्ष्य सुचवलं गेलं ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास होतं. विसाव्या हिश्श्याइतकं! पेला सुरक्षित आणि खाडी बुडालेली, असं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. संशोधनाला लागणाऱ्यांनी कुठल्याही 'मर्यादेच्या आत आहे' या वाक्यापुढे विचारावं: कोणासाठीच्या मर्यादेच्या?

खाडी बुडाल्याचं १९८५ च्या उन्हाळ्यात दिसलं. पाणी चहासारखं तपकिरी झालं. ऑरिओकॉकस अ‍ॅनोफेजेफेरेन्स नावाच्या, तोपर्यंत शास्त्रज्ञांना माहीत नसलेल्या सूक्ष्म शैवालाचा हा उद्रेक होता. पेकोनिक खाडीतला स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचा धंदा त्याने जवळजवळ संपवला. दक्षिणेकडच्या ग्रेट साउथ बेची घसरण तर आधीच सुरू झाली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या हार्ड क्लॅम जातीच्या शिंपल्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या त्या खाडीतून येत असत.

आता इथे घाई करू नका. 'सेप्टिकमुळे तपकिरी भरती आली आणि शिंपले मेले' हे वाक्य ऐकायला छान आहे, भाषणात खपतं, पण प्रबंधात टिकणार नाही. शिंपले कमी व्हायला बेसुमार उपसा हेही मोठं कारण होतं. आणि हे शैवाल नायट्रेटवरच जगतं असं नाही, ते सेंद्रिय रूपातला नायट्रोजनही वापरतं. भूजल कमी आलेल्या कोरड्या वर्षांत त्याला उलट फायदा होतो, असंही एक मत मांडलं गेलं आहे. नायट्रोजनचा एकूण बोजा वाढला, आणि त्यातला काउंटीच्या हिशोबाने सुमारे ७० टक्के अंगणातल्या यंत्रणांमधून येतो, इतकं ठामपणे म्हणता येतं. त्या बोज्यापासून एका विशिष्ट उद्रेकापर्यंतची साखळी मात्र गुंतागुंतीची आहे. धोरणाला एक खलनायक लागतो, विज्ञानाकडे बहुतेक वेळा चार-पाच असतात.

या काळात दुसरी राज्यं काय करत होती? दोन उदाहरणं पुरे आहेत. मॅसॅच्युसेट्सने १९९५ साली 'टायटल फाइव्ह' हा आपला सेप्टिकचा नियम बदलला आणि घर विकताना टाकीची तपासणी जवळजवळ सक्तीची केली. नापास झाली तर दुरुस्त करा. ओरड झाली, मग मदत आली. एकीकडे आयकरात सवलत: खर्चाच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ६ हजार डॉलर, तेही वर्षाला दीड हजारांच्या हप्त्यांनी. दुसरीकडे गावांमार्फत कर्ज, जे माणसाच्या नव्हे तर मालमत्तेच्या नावावर चढतं. २०२३ साली ही सवलत वाढवून ६० टक्के आणि १८ हजार डॉलर केली. पण करसवलतीचा लाभ कोणाला? ज्याच्याकडे आधी खिशातून घालायला पैसे आहेत आणि ज्याला भरपूर कर भरावा लागतो, त्याला. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या हातात ती सवलत थेंबाथेंबाने येते.

मेरीलँडने वेगळी वाट धरली. चेसापीक उपसागरासाठी २००४ साली गव्हर्नर रॉबर्ट अर्लिक यांच्या सहीने 'बे रिस्टोरेशन फंड' झाला. लोकांनी त्याला लगेच 'फ्लश टॅक्स' नाव दिलं. गटार असलेल्या घरांना महिन्याला अडीच डॉलर, सेप्टिकवाल्यांना वर्षाला तीस. २०१२ साली ही रक्कम बहुतेकांसाठी दुप्पट झाली. सेप्टिकवाल्यांकडून आलेल्या पैशांतले ६० टक्के टाक्या सुधारायला आणि ४० टक्के शेतकऱ्यांना हिवाळ्यात जमीन झाकणारी पिकं घ्यायला. म्हणजे टाकीवाल्याच्या पैशातून शेतकऱ्याला मदत. आधी विचित्र वाटतं, पण उपसागराच्या बाजूने बघितलं तर नायट्रोजन कुठल्याही मार्गाने कमी झाला तरी तो कमीच झाला, आणि पिकांचा मार्ग किलोमागे बराच स्वस्त पडतो. इथे मदत पाण्याला आहे हे जवळजवळ उघड मान्य केलेलं दिसतं. पुढे २००९ च्या कायद्याने किनाऱ्यापासून हजार फुटांच्या पट्ट्यात नवी किंवा बदललेली यंत्रणा नायट्रोजन कमी करणारीच हवी असं ठरलं, २०१३ पासून ती अट राज्यभर लागू केली, आणि २०१६ साली गव्हर्नर लॅरी होगन यांच्या प्रशासनाने पट्ट्याबाहेरच्या बहुतेक घरांसाठी ती मागे घेतली. निधी तसाच राहिला, सक्ती मात्र आली आणि गेली. पैसा वाटणारी योजना सगळ्यांना हवी असते, सक्तीला मात्र मतदार लागतात.

आता परत सफोक. २०१२ च्या सँडी वादळानंतर काउंटीचे प्रमुख स्टीव्ह बेलोन यांनी नायट्रोजनला काउंटीच्या पाण्याचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू जाहीर केलं. खारफुटीसारखं काम करणारी तिथली खाऱ्या दलदलीतली गवताळ जमीन नायट्रोजनने कमकुवत होते आणि वादळात किनारा उघडा पडतो, असा त्यामागचा युक्तिवाद. २०१४ साली काउंटीच्या अधिकाऱ्यांनी मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि न्यू जर्सीत जाऊन तिथल्या योजना पाहिल्या. मग प्रात्यक्षिकासाठी उत्पादकांनी फुकट दिलेल्या यंत्रणा कोणाच्या अंगणात बसवायच्या हे लॉटरी काढून ठरवलं. २०१६ साली आरोग्य संहितेत नवीन प्रकरण घालून या यंत्रणांना परवानगी मिळाली, आणि जुलै २०१७ मध्ये अनुदान सुरू झालं: १० हजार डॉलरपर्यंत, विशिष्ट प्रकारचं उथळ जिरवण-क्षेत्र केलं तर आणखी हजार. वर ३ टक्के व्याजाने कर्ज. यंत्रणेचा खर्च साधारण २० हजारांच्या घरात. त्याच वर्षी राज्यानेही ७.५ कोटी डॉलरचा निधी काढला, निम्म्या खर्चाची भरपाई, कमाल १० हजार. पूर्वेकडच्या ईस्ट हॅम्प्टनसारख्या श्रीमंत गावांकडे घरविक्रीवरच्या २ टक्के कराचा वेगळा निधी होता. मुळात तो मोकळ्या जमिनी वाचवायला होता. २०१६ साली मतदारांनी त्यातला पाचवा हिस्सा पाण्यासाठी वापरायची मुभा दिली.

थोडं गणित करू, पाकिटामागचं. काउंटीचा सुरुवातीचा पैसा वर्षाला २० लाख डॉलर. घरामागे १० हजार धरले तर वर्षाला २०० घरं. घरं ३ लाख ६० हजार. म्हणजे १८०० वर्षं! राज्याचा निधी, गावांचे पैसे धरून हा आकडा खाली येतो, पण किती? सगळी घरं २० हजारांनी गुणली तर ७.२ अब्ज डॉलर होतात. हे गणित तिथल्या अधिकाऱ्यांनाही येत होतं. मग त्यांनी योजना का काढली? माझं मत असं की पहिली अनुदानं टाक्या बदलायला नव्हती, ती बाजार तयार करायला होती. यंत्रणा बसवणारे कंत्राटदार शिकायला हवेत, निरीक्षक शिकायला हवेत, शेजाऱ्याच्या अंगणात यंत्र चालतं हे दिसायला हवं. त्याशिवाय सक्ती आणली असती तर ती पहिल्याच निवडणुकीत उडाली असती. आणि क्रम बघा: २०१७ ला अनुदान, जुलै २०१९ पासून सेसपूलच्या जागी सेसपूल बंद (१९७३ ची ती पळवाट), जुलै २०२१ पासून नव्या घरांना नायट्रोजन कमी करणारी यंत्रणाच सक्तीची. मॅसॅच्युसेट्समध्ये आधी काठी आणि मग गूळ, सफोकमध्ये आधी गूळ आणि मग काठी. जुन्या, चालू स्थितीतल्या सेसपूलला अजूनही काठी लागलेली नाही.

या क्रमाच्या मधोमध तो कराचा फॉर्म आला. काउंटीच्या प्रशासनाची भूमिका होती की पैसा कंत्राटदाराला गेला, कर त्याने भरायचा. काउंटीचे हिशोब तपासनीस जॉन केनेडी यांची भूमिका उलट होती: लाभ घरमालकाला झाला, म्हणून फॉर्म घरमालकाला. हेच केनेडी त्या वर्षी बेलोन यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभे होते, तेव्हा राजकारण वेगळं काढता येत नाही. निवडणूक बेलोन यांनी जिंकली. पण २०२० च्या सुरुवातीला केंद्राच्या कर विभागाने सांगितलं की हे घरमालकाचं उत्पन्नच आहे. २२ टक्क्यांच्या पायरीवरच्या कुटुंबाला १० हजारांच्या अनुदानावर २२०० डॉलर केंद्रीय कर. ज्याने कायद्याची जबरदस्ती नसताना, स्वतःचे आणखी हजारो डॉलर घालून, विजेचं बिल आणि देखभाल कायमची अंगावर घेऊन यंत्र बसवलं, त्याला.

शेजारी ठेवून बघायची गोष्ट म्हणजे त्याच जानेवारी २०१९ मध्ये काउंटीत गटार जोडणीवर मतदान झालं. सँडीनंतरच्या मदतीतून नदीकाठच्या काही वस्त्यांना गटार द्यायला ३८ कोटी डॉलरहून अधिक पैसा आला होता. दोन भागांनी हो म्हटलं, ग्रेट रिव्हर भागाने नाही. हो म्हटलेल्या भागात रस्त्याखालून जाणारा नळ सार्वजनिक आहे, म्हणून त्यावरचा खर्च कोणाच्या उत्पन्नात धरायचा हा प्रश्नच निघत नाही. तोच नायट्रोजन, तीच खाडी. फरक एवढाच की एका ठिकाणी शुद्धीकरण कुंपणाबाहेर होतं आणि दुसऱ्या ठिकाणी कुंपणाच्या आत. १९७२ ने आखलेली रेघ २०२० मध्ये अजून तिथेच होती. ईपीएने तर १९९७ सालीच काँग्रेसला अहवाल दिला होता की नीट व्यवस्थापन केलं तर विकेंद्रित यंत्रणा हा तात्पुरता जुगाड नसून कायमचा, परवडणारा पर्याय आहे. तांत्रिक मत बदललं, पण कराच्या नियमांतला 'मालक' बदलला नाही.

या विषयावर काम करावंसं वाटलं तर एक मोकळी जागा दाखवतो. बहुतेक अभ्यास दोन टोकांना आहेत: एकीकडे यंत्रांच्या कार्यक्षमतेची मोजमापं, दुसरीकडे घरमालकांची इच्छा विचारणारी सर्वेक्षणं. मधली माणसं फार कमी दिसतात. म्हणजे खड्डे उपसणारे, कंत्राटदार, परवाने तपासणारे कारकून, कर्जाचा अर्ज भरून देणारे स्वयंसेवी संस्थेतले लोक. योजना खरी त्यांच्या टेबलावर घडते. त्यांच्याकडचे नाकारलेले अर्ज हे मंजूर झालेल्यांपेक्षा मोलाचे कागद आहेत. कोण आलं आणि परत गेलं, हे तिथेच कळतं.

२०२० साली सफोकने पन्नास वर्षांचा आराखडा स्वीकारला, आणि मग कायमच्या पैशाचा प्रश्न आला. २०२३ च्या उन्हाळ्यात काउंटीच्या विधिमंडळाने विक्रीकर वाढीचा प्रस्ताव मतदानाला ठेवायलाच नकार दिला. टाक्यांना जास्त वाटा आणि गटारांना कमी, हे बहुमताला मान्य नव्हतं. बघा, १९६९ च्या भांडणाची बाजूच उलटली होती: आता गटार हवं म्हणणारेच जास्त. वाटणी गटारांच्या बाजूने थोडी बदलली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने विक्रीकरात एक-अष्टमांश टक्क्याची वाढ मान्य केली. म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. गटारवाला, टाकीवाला, भाड्याने राहणारा, उन्हाळ्यात समुद्रकिनारी येणारा पाहुणा, सगळेच तो भरणार.

हा कर २०६० पर्यंत आहे. सफोकच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातलं भूजल खाडीत उतरायला काही महिने ते काही वर्षं लागतात. बेटाच्या आतल्या भागात मात्र पंचवीस, पन्नास आणि त्याहून जास्त वर्षं. तेव्हा कर संपेल त्या वर्षी खाडीत शिरणाऱ्या पाण्यातलं काही पाणी, हा कर लागायच्या आधीच कोणाच्या तरी सेसपूलमधून निघालेलं असेल.